पैले बोल, फिर वाढ

आमच्या घरात ईदेला चुलीवर दोन भांडी चढायची. एक तांब्याची डेग, आतून कल्हई केलेली, रिकामीसुद्धा दोन हातांनीच उचलावी अशी. दुसरं जर्मनचं पातेलं, एका कानाशी चेपलेलं. डेगीत बड्याचं, म्हणजे मोठ्या जनावराचं मांस, पातेल्यात बकऱ्याचं. दोन्हींच्या पळ्या वेगळ्या आणि पळ्या ठेवायच्या ताटल्याही वेगळ्या. वाढायला सुरुवात व्हायच्या आधी दादी उंबऱ्याशी उभी राहायची आणि आलेल्या प्रत्येकाला सांगायची, कशात काय आहे ते. आम्हा पोरांना तिनं एकच नियम शिकवला होता : "पैले बोल, फिर वाढ."

घरात आम्ही दखनी बोलतो, उंबरा ओलांडला की मराठी. दादीच्या तोंडी दोन्ही इतक्या मिसळलेल्या होत्या की 'वाढ' हा शब्द मराठी आहे हे मला बऱ्याच उशिरा, शाळेत व्याकरण शिकताना कळलं.

एकदा माझ्या चुलतभावानं घाईत डेगीची पळी पातेल्यात बुडवली. कुणी पाहिलं नव्हतं. त्यानंच रडवेला होऊन सांगितलं. दादी रागावली नाही. तिनं पातेलं खाली उतरवलं, त्यातलं सगळं आमच्यासाठी बाजूला काढलं, राखेनं पातेलं घासून घेतलं आणि अब्बांना परत मटणाला पाठवलं. दारात अब्बांचे दोस्त येऊन बसलेले, जेवायला तास-दीड तास उशीर होणार. अम्मी हळूच म्हणाली, एवढंसं लागलं तर कुणाला कळणार आहे? दादीचं उत्तर माझ्या कानात अजून आहे. "उनकू मालूम नै, हमकू तो मालूम है ना."

बड्याचं म्हणजे आमच्या घरापुरतं बोलायचं तर म्हशीचं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी आहे, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. म्हैस त्यात नाही. आमच्या घरात त्याही आधीपासून डेगीत म्हैसच असायची, त्यामुळं चुलीवर काही बदललं नाही. पण 'बीफ' हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस क्षणभर थांबतो, हे आता नेहमीचं झालंय. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट लिहितो. दादीचा नियम लिहिण्यालाही लागू आहे.

आणि कोल्हापूर तर म्हशींचंच गाव. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात, समोर धार काढतात आणि फेसाळ धारोष्ण दुधाचा पेला हातात देतात. दिवाळीच्या पाडव्याला गवळी मंडळी म्हशींना न्हाऊ-माखू घालून, शिंगं रंगवून, मोरपिसं आणि गोंडे बांधून मिरवतात. मालकाच्या गाडीमागं म्हैस शेपूट उंचावून पळते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात. अब्बा मला खांद्यावर बसवून ते दाखवायला न्यायचे. मी त्या म्हशींवर जीव लावून वाढलोय आणि म्हशीचं मांसही खात आलोय. या दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी राहतात. दादी मांस धुवायला घ्यायच्या आधी बिस्मिल्ला म्हणायची आणि एक तुकडाही वाया गेलेला तिला चालायचा नाही. जनावराचा जीव गेलाय, मग त्याचं हाडही नीट उकळलं पाहिजे, हे तिचं म्हणणं. मला त्याहून वेगळं काही सुचलेलं नाही.

म्हशीच्या दुधाचा आणि मांसाचा एक धागा मला फार आवडतो. गाईच्या दुधाला आणि तुपाला पिवळसर झाक असते, ती चाऱ्यातल्या कॅरोटीनची. म्हैस तेच कॅरोटीन शरीरात अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र आणि चरबीही पांढरीशुभ्र. मांस मात्र गडद लाल, बकऱ्यापेक्षा कितीतरी गडद, आणि स्नायूच्या आत चरबी कमी. आमच्या ओळखीच्या खाटीकमामूंनी मला पहिल्यांदा हेच शिकवलं : चरबी पांढरी बघ, मांस लाल बघ, बोटानं दाबलं तर परत वर यायला पाहिजे.

मामूंकडं गेलं की ते आधी विचारतात, करणार काय आहेस? सुक्कं करायचं असेल तर मांडीचं देतात. रश्श्यासाठी सीना, म्हणजे छातीचा भाग, थोडी चरबी आणि थोडी मऊ हाडं असलेला. आणि जेवायला खूप माणसं येणार असतील तर नळी आणि मछली. मछली म्हणजे पिंढरीचा तो लांबट गोळा. आडवा कापला की त्यात माशाच्या काट्यांसारखी पांढरी जाळी दिसते. नवखा माणूस हा तुकडा बघून चिवट म्हणून नाकारतो. माझ्या मते संपूर्ण जनावरात याच्याइतका चांगला तुकडा नाही, फक्त तो शिजवायला वेळ हातात पाहिजे.

त्या पांढऱ्या जाळीत कोलॅजन असतं. मंद आचेवर, ओलाव्यात, दोन-अडीच तास राहिलं की ते विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. रस्सा दाट होतो, तुकडा पळीच्या धारेनं तुटतो आणि जेवताना ओठ ओठाला हलकेच चिकटतात. आच मोठी केली तर जाळी विरघळायच्या आधीच मांसाचे धागे आवळतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. मग कितीही शिजवा, घास मऊ असला तरी कोरडा लागतो. लोक म्हणतात बड्याचं शिजत नाही. ते शिजतं, पण घाई केलेली त्याला सोसत नाही. बकऱ्याचं मटण तासाभरात होतं. बड्याच्या डेगीजवळ मी तीन तास धरूनच बसतो.

कृती सांगतो, पण ती आमच्या घरची आहे; शेजारच्या घरात वेगळी असेल. मांस धुऊन चाळणीत निथळत ठेवायचं. मग आलं-लसणाचं वाटण, हळद आणि मीठ चोळून तासभर झाकून. डेगीत तेल, तमालपत्र, चार लवंगा, दोन मसाला वेलदोडे, मग भरपूर उभा चिरलेला कांदा. कांदा तांबूस झाला की मांस टाकायचं आणि पाणी घालायचं नाही. हे महत्त्वाचं. मांस स्वतःचं पाणी सोडतं, डेग भरून सोडतं. ते पाणी आटेपर्यंत, तेल सुटेपर्यंत परतत राहायचं. यात पाऊण तास जातो आणि हात भरून येतो. पण बड्याचा जो उग्र वास काही लोकांना नको वाटतो, तो याच पाऊण तासात जातो. ही पायरी गाळून थेट कुकर लावणाऱ्यांच्या घरी मी जेवलोय. मांस शिजलेलं असतं, चव मात्र शिजलेली नसते.

मग डेगीवर खोलगट ताट झाकायचं आणि ताटात पाणी ओतायचं. खालच्या वाफेनं ते कढत होतं, आणि रश्श्याला लागेल तसं तेच आत सोडायचं. गार पाणी एकदाही नाही. शेवटच्या तासाला वाटण : चुलीत भाजलेला कांदा, काळसर होईपर्यंत भाजलेलं सुकं खोबरं, थोडे तीळ, थोडी खसखस, कोथिंबीर काड्यांसकट. आणि चटणी.

कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसणाची चटणी, दुसरी कुठली नाही. आमच्याकडं ती चैत्रात होते. लक्ष्मीपुरीतून मिरची आणायची : रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, आणि तिखटाला मूठभर लवंगी. गच्चीवर कडक उन्हात वाळवायची, देठं खुडायची. त्या दिवशी सगळं घर शिंकतं. धने, जिरे, तीळ, खोबरं, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, मिरे, दालचिनी, हळकुंड, एकेक वेगळं तेलात भाजायचं, कारण प्रत्येकाची आच वेगळी. मग डब्यांतून सगळं डंकावर न्यायचं आणि आपला नंबर येईपर्यंत इतर बायकांच्या डब्यांत डोकावत बसायचं. लहानपणी मी दादीबरोबर जायचो. तिथं जात-धर्म विचारायचा नाही, पण लसूण किती घातलाय हे विचारायचंच. कुटून आली की घरी कच्चा लसूण, तळलेला कांदा आणि मीठ मिसळून चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायची. वर्षभर ती पुरते. बड्याच्या किलोला मी चार मोठे चमचे घालतो, तेही तेल सुटलेल्या मसाल्यात, आच कमी करून. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. मोठ्या आचेवर टाकली तर चटणी जळते आणि रश्श्याला कडवटपणा येतो, जो नंतर कशानंही जात नाही.

पांढरा रस्सा बड्याच्या हाडांचा होईल का, हे मी तीन वेळा करून पाहिलंय. होतो. हाडांना आधी एक उकळी देऊन ते पाणी टाकून द्यायचं, मग नव्या पाण्यात नळ्या पाच तास मंद ठेवायच्या, गाळून घ्यायचं, त्यात काजू-तीळ-खसखशीचं वाटण, पांढरे मिरे, आणि गॅस बंद करायच्या जरा आधी नारळाचं दूध, कारण उकळलं तर ते फाटतं. चांगला होतो, दाट होतो. पण बकऱ्याच्या पांढऱ्याचा जो हलकेपणा असतो तो त्यात येत नाही आणि मी आता तो प्रयत्न सोडलाय. ती नळी दालच्यात जास्त शोभते. तुरीची आणि हरभऱ्याची डाळ, दुधी, चिंच, कढीपत्ता आणि नळीचं पाणी. साध्या भाताबरोबर दालचा खाल्लेला माणूस परत येतोच.

कच्च्या पपईबद्दल एक इशारा. मांडीचं सुक्कं लवकर मऊ व्हावं म्हणून कच्च्या पपईचा कीस लावतात. त्यातलं पपेन मांसाचे धागे तोडतं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या ईदेला मी तो कीस रात्रभर लावून ठेवला. सकाळी तुकड्यांचा वरचा थर लगद्यासारखा झालेला आणि आत मांस तसंच. सासरची माणसं येणार होती. बायकोनं ते सगळं चिरून, डाळ घालून शिजवून, वाटून त्याच्या शामी टिक्क्या केल्या. आता मी पपई लावतो ती अर्धा तास, आणि किलोला एक चमचा.

आता मी ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते.

मी शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होतो. साचे भरायचो. माझा एक दोस्त भट्टीवर होता. भट्टीवरचा चांगला माणूस यंत्र बघायच्या आधी डोळ्यानं सांगतो की लोखंड ओतायला तयार आहे की नाही. चौदाशे अंशांच्या आसपास त्याचा रंग कसा बदलतो हे त्याला पाठ असतं. हा तसा होता. तालमीत वाढलेला, मराठा घरातला, पेठेतला. दुपारी आम्ही पाच-सहा जण डबे मध्ये ठेवून जेवायचो. ज्या दिवशी माझ्या डब्यात बड्याचं असायचं त्या दिवशी मी सांगून बाजूला बसायचो. कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

एका दिवशी मी सांगितलं नाही. पाळी उशिरा सुटली होती, भूक लागली होती, आणि मला वाटलं आज कोपऱ्यात बसून पटकन खाऊन घेऊ. तो मागून आला, माझ्या शेजारी बसला, भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्या डब्यात बुडवला. "लै भारी झालंय रं," म्हणाला आणि दुसरा तुकडा बुडवला. मी काही बोललो नाही. पहिल्या तुकड्याला सांगता आलं असतं. दुसऱ्यालाही आलं असतं. माझी जीभच हलली नाही. मी त्याला थांबवलं तर तो अर्धा घास थुंकेल, सगळ्यांसमोर, याची मला भीती वाटली. त्याच्या लाजेची वाटली की माझ्या, हे अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी सायकलींच्या शेडमध्ये मी त्याला सांगितलं. तो ओरडला नाही. नळावर गेला, बराच वेळ चुळा भरत राहिला. मग सायकल काढली आणि माझ्याकडं न बघता गेला. त्यानं कुणालाही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं काय झालं असतं, याचा विचार मी अनेक रात्री केला. पण पाच महिने तो माझ्या पंगतीला बसला नाही. भट्टीपाशी समोरासमोर आलो की कामापुरतं बोलायचा. दादी तेव्हा नव्हती. असती तर तिला काय तोंड दाखवलं असतं?

दिवाळीच्या पाडव्याला तो आमच्या दारात उभा राहिला. हातात स्टीलचा डबा. आत यायला तयार नव्हता. डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "चकली हाय. भाजणीत तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने-जिरे. आन् दुसरं काय बी न्हाई. सांगून देतोय." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच सांगायचं होतं. मी त्याला हाताला धरून आत आणलं.

त्यानंतर आमचं मंडळ वाढत गेलं. कोल्हापुरात रस्सा मंडळ म्हणजे काय हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं : दोस्तांनी वर्गणी काढायची, मटण आणायचं, कुणाच्या तरी शेतात किंवा नदीकाठी चूल मांडायची आणि पुरुषांनीच स्वयंपाक करायचा. आषाढात तर दर रविवारी कुठंतरी धूर दिसतो. आमच्या मंडळात आठ जण. तिथं फक्त बकऱ्याचं शिजतं आणि ते हलाल असतं; या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवशीच बोलून ठरल्या. बड्याचं माझ्या घरी, ईदेच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला पाहिजे त्यानं यायचं.

आठातले तीन जण डेगीतलं खातात. एक जण लिंगायत, तो ईदेलाही येतो आणि भरली वांगी, दही, खर्डा आणि भाकरी खाऊन जातो. त्याची वांगी माझी बायको आदल्या रात्रीच वेगळ्या कढईत करून ठेवते. एक जण माणगावचा. तेच माणगाव, जिथं १९२० साली शाहू महाराजांच्या उपस्थितीत बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. मला आधी वाटायचं की तो तरी डेगीतलं घेईल. तो म्हणाला, नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, ते त्याच्या पणजीपर्यंत पोहोचलं, आणि तिनं नुसतं मेलेल्याचंच नाही, मोठ्या जनावराचं सगळंच सोडलं. घरात वाळवलेल्या मांसाच्या चान्यांची जी दोरी बांधलेली असायची तीसुद्धा तिनं जाळली. "आमच्या घरात ते न खाणं म्हणजे मान हाय," तो म्हणाला. मी त्याच्या ताटात पातेल्यातलं वाढलं. नकाराचं कारण माणसागणिक वेगळं असतं, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय आपण त्याला जेवायला बोलावलंय असं म्हणता येत नाही, असं मला तेव्हापासून वाटतं.

याच कोल्हापुरात, तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या 'सत्यसुधारक' हॉटेलात शाहू महाराज स्वतः जाऊन चहा प्यायचे, सगळ्यांच्या देखत. अब्बा ही गोष्ट फार अभिमानानं सांगायचे. गडहिंग्लज तालुक्यातल्या खेड्यातून शिकायला आले तेव्हा ते दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगात राहिले होते, जे महाराजांनी १९०६ साली सुरू केलं. कोण कुणाच्या हातचं काय खातो यावर या गावात पूर्वी बरंच काही अडलं आणि बरंच काही सुटलंही.

२०२३ साली बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या, २९ जूनला. कुर्बानीला तीन दिवस असतात, त्यामुळं अडचण काहीच नव्हती. अनेक गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी करायची नाही असं ठरवलं, आम्हीही. त्या दिवशी आम्ही नमाज पढून आलो आणि घरात वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी झाली. भट्टीवाल्या दोस्ताच्या आईला उपवास होता. बायकोनं नवं स्टीलचं पातेलं काढलं, ज्यात कधीच काही शिजलं नव्हतं. मी डबा घेऊन गेलो. पंचाऐंशीच्या पुढच्या त्या माउलीला दारातच सांगितलं, नव्या पातेल्यातलं आहे, सैंधव घातलंय, हळद-मोहरी नाही. ती म्हणाली, "एवढं कशाला सांगतोस पोरा, तुझ्या घरचं मला ठावं हाय." पण तिनं ऐकून घेतलं आणि मगच डबा घेतला.

दुसऱ्या दिवशी डेग चढली. मोठ्या जनावरात सात जण हिस्सेदार होऊ शकतात. आमच्या पेठेतली सात घरं मिळून एकेक हिस्सा घेतो. आपल्या हिश्श्याचे परत तीन भाग : एक घराला, एक नातेवाईक आणि दोस्तांना, एक ज्याच्या घरी चूल पेटणं अवघड आहे त्याला. दादी हा तिसरा भाग आधी काढायची आणि चांगल्यातलं काढायची. नळी त्यातच जायची. मला लहानपणी ते खटकायचं, कारण नळी मला आवडायची. आता मी स्वतः तेच करतो.

डेगीला आदल्या आठवड्यात कल्हई करून आणली होती. नवसागराचा तो पांढरा धूर, कापसाच्या बोळ्यानं फिरलेलं कथील, आणि काळपट तांबं आरशासारखं झालेलं. परसात तीन दगडांची चूल. पाच किलो मांस, निम्मी मछली. पाणी आटवून झालं, झाकणाच्या ताटात पाणी ओतलं आणि असरच्या, म्हणजे दुपार कलल्यानंतरच्या नमाजची वेळ झाली. घरात सगळे कामात. दोस्त लवकर आला होता, बाजेवर बसून चुलीकडं बघत होता.

मी त्याला म्हणालो, जरा बघशील का, मी मशिदीतून येतो.

तो उठला, चुलीसमोर उकिडवा बसला. दोन लाकडं मागं ओढली, निखारे एका बाजूला सारले, हात डेगीच्या पोटाजवळ नेऊन ऊब अजमावली. डोळे बारीक केले, फाउंड्रीत भट्टीपुढं करायचा तसे.

"आच जादा हाय," तो म्हणाला. "तू जा. मीठ आल्यावर तू बघ, आच मी बघतो."

परत आलो तेव्हा तो तसाच बसलेला. ताटातलं पाणी कढत होतं, त्यातलं भांडंभर त्यानं आत सोडलं होतं आणि डेगीची पळी डेगीच्याच ताटलीत ठेवली होती. मी एक तुकडा काढून दाबला. तुटला. रस्सा चाखला, मीठ जरा घातलं.

अंगणात चटया अंथरल्या गेल्या. माणसं यायला लागली. माझी मुलगी आता कॉलेजात आहे, तिच्या दोन मैत्रिणी पहिल्यांदाच आमच्याकडं आल्या होत्या. मी काही म्हणायच्या आधी ती उंबऱ्याशी उभी राहिली आणि डेगीकडं, पातेल्याकडं, वांग्यांच्या कढईकडं बोट करून सांगू लागली. दोस्तानं हात धुतले, राखेनं, मग पाण्यानं, आणि जर्मनच्या पातेल्यापाशी आपलं ताट घेऊन बसला. तिकडं कुणाच्या तरी पोरानं नळी ताटावर आपटायला सुरुवात केली होती.